अर्ध्या अक्षरांची जागा

१९९९ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो. छापखाना सुटून पाच उन्हाळे झाले होते, पण डाव्या हाताचा अंगठा काही सरळ झाला नव्हता. कंपोझिटरचा अंगठा असाच असतो. लोखंडी स्टिक डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून तिच्यात लावायचा, आणि पुढचा खिळा येईपर्यंत अंगठ्याने आधीचा दाबून ठेवायचा. उभा जन्म दाबला. अजूनही चहाचा कप धरला की अंगठा आपोआप कडेवर दाबून बसतो. नातवंडं हसतात. हसू द्या.

पुन्हा लग्नसराई आली आहे. जळगावचं ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून कळणार नाही. दुपारी एक वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कुत्रीसुद्धा नळाखालच्या चिखलात पोट टेकून पडलेली. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, मांडवाच्या बल्ल्या ठोकल्याचा आवाज, संध्याकाळी दोन गल्ल्यांमधून दोन बँड, आणि दोघांची गाणी एकमेकांत मिसळलेली. दारात पत्रिका येतात, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेल्या. हल्ली बऱ्याच फोनवरच येतात, हळदकुंकूही चित्रातलंच. घरचे विचारतात, "बाबा, कोणाचं लग्न?" मला सांगता येत नाही. मी पत्रिका वाचतच नाही, तपासतो. नवरदेवाच्या आधी मला त्याच्या नावात घुसलेला आगंतुक स्वल्पविराम दिसतो.

फोनवरच्या पानांचं तर विचारूच नका. शब्दाच्या पोटात तिरकी रेघ, वाक्याच्या मधोमध प्रश्नचिन्ह, शेपटीला रिकामे चौकोन. पूर्वी असं दिसलं की मी एका दमात निकाल द्यायचो: ज्यानं हे केलं त्याला काम येत नाही. त्या उन्हाळ्यापासून तो निकाल घशाशी येतो आणि तिथंच अडकतो. गिळताही येत नाही. चुका मला दिसत नाहीत असं नाही, अजून साऱ्या दिसतात. फक्त त्या कुणाच्या, हे सांगायची माझी हिंमत गेली.

लग्नसराईत आमच्या छापखान्यात सगळ्यात आधी काय संपायचं, सांगा. 'श्री' नाही. 'शुभविवाह' तर नाहीच, तो आख्खा ठोकळाच असायचा. संपायची ती टिंबं. चि. ला एक, सौ. ला एक, कां. ला एक, श्री. ला, कै. ला, मु. ला, पो. ला, ता. ला, जि. ला. खानदेशातली पत्रिका म्हणजे अर्धं गाव तिच्यात बसवायचं. चुलते, मामे, साडू, व्याही, गावचे पुढारी, आणि तळाला लाडक्या आवाजात बोलावणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं तर भाऊबंदकी पेटायची. वैशाख लागला की टिंबांचा खण तळाला जायचा. मग कालचा छापून झालेला मजकूर सोडत बसायचं, एकेक टिंब चिमटीत धरून पुन्हा त्याच्या घरी नेऊन घालायचं, तेव्हा कुठं आजच्या नवरीच्या नावाला टिंब मिळणार. राईएवढ्या खिळ्यासाठी ताटकळलेला माणूस तो खिळा भलत्या ठिकाणी सांडलेला कसा सहन करील?

मी चौथी शिकलो. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, तो वाद राहू द्या. पण वकिलांच्या कागदात मी चुका दाखवल्या आहेत. प्राध्यापकांनी माझ्यासमोर खुर्चीत बसून आपल्याच पुस्तकातली वाक्यं खोडली आहेत. माणूस केवढाही असो, त्याचा कागद माझ्या हाताखालून जायचा. त्याचा मला गर्व होता. होता कशाला म्हणू, आहे.

मग संगणक आला. मालकानं सांगितलं, दौलतभाऊ, आता तुमची गरज नाही. असं तोंडावर नाही सांगितलं. "तुम्ही आता आराम करा," असं म्हणाले. खिळे भंगारवाल्यानं नेले. ज्या अक्षरांना मी रोज संध्याकाळी एकेक करून त्यांच्या खणात झोपवलं, ती सगळी एका पोत्यात, एकमेकांच्या अंगावर. पोतं जिन्याच्या कडेला घासून उसवलं आणि पायऱ्यांवर अक्षरं सांडली. भंगारवाल्यानं ती फावड्यानं भरली. मी खाली वाकलोसुद्धा नाही. त्यानंतर संगणकावर केलेला कुठलाही कागद हातात आला की मी त्यात चूक शोधायचो, आणि सापडली की दिवस चांगला जायचा. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

अशा माणसाला आबांनी निकाल द्यायला बोलावलं.

फैजपूरला केळी पिकवणाऱ्यांची एक संस्था होती. तिचे अहवाल वर्षानुवर्षं मी जुळवलेले. आबा तिचे अध्यक्ष. पांढरं धोतर, हातात अडकित्ता, मोजकं बोलणं. रोज सकाळी केळीचे ट्रक भरायच्या आधी आबा आणि चारपाच सभासद कचेरीत लांब टेबलाभोवती बसायचे, आणि गावचं निम्मं कामकाज त्या चहावर उरकायचं. चैत्रात त्यांचा निरोप आला. मी एसटीनं गेलो. तापी ओलांडली की बागा सुरू होतात, आणि खिडकीतून येणारी झळ एकदम गार होते. केळीच्या पानांचा तो ओला, हिरवा वास. उतरलो तेव्हा मी खुशीत होतो. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कामासाठी बोलावलं होतं.

"या भाऊ," आबा म्हणाले. "आपली केळी आता दिल्लीच्या व्यापाऱ्याला संगणकावर दिसणार. वेबसाईट म्हणतात तिला. ह्या पोरीनं तिची पानं केली आहेत. आम्हाला त्यातलं काय कळतं? अक्षर कळतं ते तुम्हाला. तुम्ही बघा आणि सांगा, हिला काम येतं का. येत असेल तर पुढचं सगळं काम हिलाच देऊ."

संगणकाशेजारी सुनंदा उभी होती. पंडितची मुलगी. पंडित म्हणजे आमच्या छापखान्याचा मशीनमन. मी अक्षरं जुळवायची आणि त्यानं छापायची, असं आमचं तेरा वर्षं चाललं. शाळा सुटली की ही बापाचा डबा न्यायला यायची आणि रद्दी कागदावर माझ्या खिळ्यांचे ठसे उमटवत बसायची. आता चोवीस वर्षांची. जळगावात एका खोलीत संगणक मांडून तिनं स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि फैजपूरचं हे तिचं पहिलं मोठं काम. हे मिळालं तर तिचं नाव होणार, दुसऱ्या संस्था विचारणार. पंडितनंच मला हे सांगितलं होतं, महिनाभर आधी, बाजारात, वांगी निवडता निवडता.

"नमस्कार, काका," ती म्हणाली. तिच्या हातात एक काळी फ्लॉपी होती. घामानं ओली झाली असावी, सारखी पदराला पुसत होती.

कारकुनानं संगणकावरचा भरतकामाचा रुमाल काढला. आधी केळीच्या घडाचं चित्र आलं, वरून खाली, पडदा सोडावा तसं हळूहळू. सभासद खूश झाले. "अरे, दांडासुद्धा दिसतो!" मग मजकूर आला. मराठीच होता. काळा, टपोरा. आणि मला हवं होतं ते दिसलं.

'उत्पादक' शब्दात अर्ध्या त च्या जागी अर्धविराम बसलेला. 'व्यापारी' च्या तोंडावर तिरकी रेघ. 'शेतकऱ्यांच्या' या एका शब्दात दोन प्रश्नचिन्हं, जणू शेतकऱ्यालाच कुणी विचारतंय, तू कोण? पूर्ण अक्षरं जागेवर, पण जिथं जिथं जोडाक्षर, तिथं तिथं कसलंतरी चिन्ह. पानभर. भाताच्या ताटात खडे असावेत तसे. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गरज नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि ते मला आवडत होतं.

"काका, मजकूर बरोबर आहे," सुनंदा घाईनं म्हणाली. "ह्या मशीनमधला फाँट जुना आहे. त्यात अर्धी अक्षरं दुसऱ्या जागी बसवलीत. मी नवा फाँट फ्लॉपीवर आणलाय. नऊ वाजताच आले होते, पण कचेरीला कुलूप होतं. पाच मिनिटं द्या फक्त."

"बाहेरची फ्लॉपी लावायची नाही," कारकून म्हणाला. "व्हायरस येतो."

"आबा, पाच मिनिटं," ती म्हणाली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा एक शब्द पुरला असता. 'लावू द्या.' एवढाच.

मी म्हणालो, "सुनंदा, प्रूफ खराब आहे पण मजकूर चांगला आहे, असं मी जन्मात कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला दिसतं ते काम. तुझ्या फ्लॉपीत काय आहे ते दिल्लीचा व्यापारी बघायला येणार नाही."

सभासद हसले. वाक्य चांगलं जमलं होतं. निम्मं मी बसमध्येच तयार करून आलो असणार, पानं बघायच्या आधी.

"मग?" आबांनी सुपारी कातरली. "येतं का काम?"

"नाही येत."

टेबलाच्या टोकाला बसलेला एक सभासद दातात काडी फिरवत शेजाऱ्याला म्हणाला, "सवलतीत शिकलं की असंच होतं." हळू नाही म्हणाला. पंडितचं घर कोणत्या वस्तीत आहे, ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. ती 'सवलत' कुणावर टाकली होती, हे मला कळलं. तिलाही कळलं. मी चहाचा कप उचलला आणि प्यायला लागलो. मी ते बोललो नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्या माणसाला ते बोलायला जागा करून दिली ती मीच.

सुनंदानं फ्लॉपी पर्समध्ये ठेवली. "येते, काका," म्हणाली. आबांना नाही म्हणाली, मला म्हणाली.

परतीची गाडी एकच होती. ती पुढं बसली, कंडक्टरच्या मागं. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. बागा संपल्या, तापी गेली, पुन्हा झळा सुरू झाल्या. दीडेक तास मी तिची वेणी बघत होतो. तिनं एकदाही मान वळवली नाही. जळगावच्या स्टँडवर मी उतरायला लागलो तर ती खाली थांबलेली. "काका, जपून. शेवटची पायरी तुटलेली आहे," म्हणाली आणि गेली. पायरी खरंच तुटलेली होती.

मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायकोला सांगितलं, "ओळखीची पोर होती, तरी तोंड बघून बोललो नाही." ती म्हणाली, "पंडितभाऊजींची सुनंदा?" आणि पुढं काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं, पण त्या दिवशी मी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी आबांचा माणूस भेटला. काम पुण्याच्या कुणाला दिलं होतं. "एकदम स्वच्छ पानं, भाऊ. एक डाग नाही." मी विचारलं, मजकूर कुणी तपासला? तो म्हणाला, "मराठी ठेवलंच नाही. सगळं इंग्रजीत. तुमचा त्रासच वाचला." जोडाक्षरं नाहीत, अर्धी अक्षरं नाहीत, मग चुकणार काय? ज्या शेतकऱ्यांची केळी, त्यातल्या एकालाही ती पानं वाचता येत नव्हती, आणि सगळे समाधानी होते. मला तेव्हाच कडू लागायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं.

त्याच वैशाखात माझ्या धाकटीचं, ज्योत्स्नाचं, लग्न होतं. सोयरे धुळ्याचे. ज्योत्स्ना हे नाव मी ठेवलेलं. तिच्या आईला शोभा हवं होतं. एका नावात तीन अर्धी अक्षरं, ज, त आणि स. बारशाच्या दिवशी मी ते खिळ्यांत जुळवलं होतं, दोऱ्यानं बांधून. शोभाला काय, कुणीही जुळवील. ज्योत्स्ना जुळवायला हात लागतो.

सोयऱ्यांकडची नावं बरीच, म्हणून पत्रिकेचा सगळा मजकूर त्यांनी धुळ्यालाच टाईप करून दोन फ्लॉप्या पाठवल्या. मी त्या घेऊन आमच्या बाजारातल्या एका पत्रिकावाल्याकडे गेलो. नरेश नाव. तोंडात बडीशेप, एक पाय स्टुलावर. समोर दुसऱ्या लग्नाची पत्रिका चालू, मागं छपाईचा खडखडाट, भिंतीवर देवांची चित्रं नमुन्याला लावलेली. त्यानं पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर माझ्या मुलीचं नाव आलं.

आलं म्हणजे, आलं नाही. तिरकी रेघ, मग यो. मग स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, आणि ना. माझी ज्योत्स्ना खडे, काटे, काड्या होऊन तिथं पडली होती.

"हे काय आहे?" मी ओरडलो. "काम येतं का तुला? लग्न आहे माझ्या घरी!"

नरेशनं बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बाबा, बीपी वाढेल. मजकूर धुळ्याचा शे, मशीन जळगावचं. तुमच्या धुळेवाल्यांनी हुशारीनं दुसऱ्या फ्लॉपीत फाँट दिलाय बघा. थांबा." त्यानं दुसरी फ्लॉपी घातली, तीनचार वेळा काहीतरी दाबलं, पडदा काळा होऊन पुन्हा उजळला. आणि ज्योत्स्ना आली. तिन्ही अर्धी अक्षरं घेऊन, एकमेकांना बिलगून, पूर्ण.

"मजकुरात काहीच चूक नव्हती?" मी विचारलं.

"कसली चूक? अक्षरं सगळी तिथंच होती. आमच्या मशीनला ती कुठं ठेवलीत ते माहीत नव्हतं, एवढंच." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पाणी देऊ का, बाबा?"

पाच मिनिटंही लागली नव्हती.

मजकूर धुळ्याचा, मशीन जळगावचं. मी त्या दुकानाच्या बाकड्यावर बसलो आणि मला १९८१ सालची ती दुपार दिसली. ती मी अठरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

तीही लग्नसराईच. धुळ्याच्या छापखान्यात मी वीस वर्षं काढलेली. मालक एकदा गिऱ्हाइकांसमोर "जरा हात चालव" म्हणाला, म्हणून तिथल्या तिथं स्टिक खाली ठेवून निघालो, तो जळगावला. इथल्या मालकानं कागद हातात दिला. "एक पत्रिका जुळवून दाखवा. मग बघू." वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाची परीक्षा! मी रागानंच केसपुढं उभा राहिलो. केस म्हणजे लाकडाचा मोठा, उथळ, खणाखणाचा ट्रे, एका खणात एक अक्षर. चांगला कंपोझिटर तिकडं बघत नाही. डोळे कागदावर, हात आपला आपण जातो. अंधारात आपल्या घरातला माठ सापडतो तसा. मी सपासप जुळवलं. मालक लांबून बघत होता, म्हणून आणखी जोरात. मजकूर बांधला, प्रूफ काढायला मशीनमनकडे दिला आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर मशीनमन प्रूफ हातात धरून उभा. काळा, किरकोळ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो पंडित. त्यानं कागद माझ्यापुढं धरला. प्रत्येक जोडाक्षरात स्वल्पविराम, अर्धविराम, तिरक्या रेघा. नवऱ्या मुलाच्या नावात, आजोबांच्या, कुलदेवतेच्या नावात. मालक आतल्या खोलीतून ओरडला, "पंडित, प्रूफ आण रे!"

पंडित हसला नाही. "काय भाऊ, वीस वर्षं हेच केलं का," असंही म्हणाला नाही. त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, धुळ्याले अर्धा त कोनता खणमा ऱ्हास?"

मी सांगितलं, उजवीकडून तिसऱ्या.

"आठे, जळगावले, त्या खणमा स्वल्पविराम शे," तो म्हणाला. "तुना हात धुळ्याना शे. हातनी काही चूक नही." मग आत ओरडून म्हणाला, "मालक, शाई आजून वाळनी नही!" आणि प्रूफाचे चार तुकडे करून चहाच्या शेगडीत घातले. तासाभरात त्यानं मला सगळे खण दाखवले, मी खिळे बदलले, मालकाला गेलं ते दुसरं प्रूफ. स्वच्छ. एक डाग नाही. मला नोकरी लागली. जळगावातला माझा सगळा मान, वकील, प्राध्यापक, आबांचे अहवाल, सगळं त्या शेगडीतल्या चार तुकड्यांवर उभं होतं.

आणि त्याच पंडितच्या मुलीनं मला अगदी हेच सांगितलं होतं. जवळजवळ त्याच शब्दांत. अर्धी अक्षरं दुसऱ्या जागी बसवलीत, काका. जगात कुणाला हे एका वाक्यात कळायला हवं होतं तर ते मला.

संध्याकाळी पंडितकडे गेलो. वैशाख पौर्णिमा जवळ आली होती, त्यांच्या गल्लीत पांढऱ्या पताका बांधणं चाललेलं. तो दारात खाटेवर बसला होता. खोकला जुना, शिशानं आणि शाईनं दिलेला.

"ये, दौलतभाऊ. पत्रिका लई उना का?"

"छापनी नही आजून," मी म्हणालो. "सुनंदा कोठे शे?"

"सुरतले गई. चार दिन व्हयनात. साड्यासना दुकानमा बिलं टाईप करस."

"आनि तिनं मशीन?"

"इकी टाकं." विकलं हे सांगताना तो पताकांकडे बघत होता. "कोन्ही कामच दी नही ऱ्हायनं. फैजपूरनी बातमी बठ्ठीकडे गई."

"तिनी तुले सांगं नही का, मी काय बोलनू ते?"

"काहीच सांगं नही. काका बी व्हतात तठे, इतलंच बोलनी."

मग मी सांगितलं. सगळं. कुलूप, फ्लॉपी, पाच मिनिटं, हशा, दातात काडीवाला, माझा चहा. आतून त्याची बायको पाणी घेऊन आली, माझा चेहरा बघून तांब्या ठेवून गेली. माझं संपलं तेव्हा तो खोकला, बराच वेळ. मग त्यानं एकच विचारलं.

"तू तिले इचारं का, कोनता खणमा?"

"नही."

"मंग," पंडित म्हणाला.

त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या. अठरा वर्षांपूर्वीचं काढायला हवं होतं, आणि ते काढायचा हक्क फक्त त्यालाच होता. त्यानं नाही काढलं. आजही काढत नाही. ज्योत्स्नाच्या लग्नाला आला, वधूवरांवर अक्षता टाकल्या, पंगतीत जेवला. सुनंदा परत आली नाही, हेही सांगून टाकतो. तिकडंच तिचं लग्न झालं, संसार झाला. ती संगणकाला पुन्हा हात लावते की नाही, मी कधी विचारलं नाही. पंडितच्या घरी जातो, तिचा विषय निघाला की मी पताकांची दोरी बांधायच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघत बसतो.

लोकांना वाटतं, म्हातारपणी माणूस मऊ होतो. मी झालो नाही. जो आपलं काम गिऱ्हाइकाच्या घरी आधी जाऊन बघत नाही, तो अर्धाच कारागीर, हे मी आजही म्हणेन. पण ती बघायला गेली होती. नऊ वाजताच गेली होती. कुलूप बाहेरून होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते मला मान देत होते. मानाचं असं असतं, तो मिळाला की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. फोनवर एखादं पान काट्याकुट्यांनी भरलेलं येतं, नातू म्हणतो, "आजोबा, कसले बिनडोक आहेत हे!" त्या पानामागं कुणीतरी पदराला फ्लॉपी पुसत उभं असेल, असं मला दिसत राहतं.

पंडितकडून आलो त्या रात्री मी बायकोला १९८१ ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला काय सांगता? जिथं सांगायचं तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी फैजपूरला गेलो. ट्रक भरायचे होते, कचेरीत तेच लांब टेबल, तीच माणसं, टोकाला तो दातात काडीवाला. आबांनी खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. चहा आला, तो माझ्यापुढं ठेवला गेला, आणि कपाकडे जाणारा अंगठा मी मुठीत दाबून धरला. "आबा, पोरीला काम येतं. मला ओळखता आलं नाही," मी म्हणालो, आणि जळगावातल्या माझ्या पहिल्या प्रूफाची गोष्ट, पंडितच्या नावासकट, शेगडीसकट, एकही स्वल्पविराम न लपवता, उभ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागलो.